थाळ्यावरचा हत्ती

पोले चाचा कधी ओरडले नाहीत. दुबईच्या खाडीवर त्या काळी ओरडल्याशिवाय कोणाचं काम होत नसे. अब्रावाला, म्हणजे खाडी पार करून देणारा नावाडी, पलीकडच्या काठावरच्या गिऱ्हाइकाला इकडून हाका मारी, हमाल गलबतावरून धक्क्यावर ओरडत, आणि आमचा अरबाब, म्हणजे मालक, समोर बसलेल्या माणसाशीसुद्धा वादळात सापडल्यासारखा बोले. या कल्लोळात चाचा एका जागी उभे राहून, घरात झोपलेलं मूल उठू नये अशा आवाजात बोलत. ऐकायचं असेल त्याने जवळ जायचं. कोणी गेलं नाही तर चाचा थोडं थांबत आणि तेच वाक्य पुन्हा त्याच आवाजात म्हणत.

'पोले पोले' हा त्यांचा शब्द. आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ हळूहळू, सबुरीने. कोणी घाईने वासा उचलला, 'पोले पोले'. कोणी रागाने दार आपटलं, 'पोले पोले'. त्यावरूनच आम्ही गाववाले दुबईत ज्या खोलीत राहत असू तिथे त्यांचं नाव पडलं. खरं नाव घेणारे गावीसुद्धा फारसे उरले नव्हते.

रत्नागिरीकडच्या ज्या घरांतून कोणी ना कोणी आखातात गेलं, त्या घरांत पोले चाचांची एक गोष्ट आजही सांगतात. हत्तीची. लग्नात सांगतात, ईदला सांगतात, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या एका खोलीत सहा-सहा जण राहणारी आजची पोरंही सांगतात, त्यांनी चाचांना कधी पाहिलेलं नसताना. ती गोष्ट खोटी आहे. ती कोणी रचली आणि कशासाठी, हे सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे. म्हणून हे लिहितो.

चाचांचे वडील त्यांना लहानपणीच आफ्रिकेत, टांगानिकाला घेऊन गेले होते. तिथे मोठे झाल्यावर चाचा एका राखीव जंगलात ड्रायव्हर झाले. लांबून आलेल्या गोऱ्या पाहुण्यांना सिंह दाखवायचे, हत्ती दाखवायचे, संध्याकाळी बंगल्यावर सोडायचं. ओरडायचं नाही ही सवय तिथली. बोट दाखवायचं नाही हीसुद्धा तिथलीच. हात वर गेला की जनावर बिथरतं, म्हणून ते हनुवटीने दिशा दाखवत. दुबईतही साखरेचा डबा कुठे आहे हे ते हनुवटीनेच सांगत आणि आम्ही त्यांची नक्कल करून हसत असू.

पुढे टांगानिका स्वतंत्र झाला. चाचा म्हणत, "मला एक दिवस लक्षात आलं, मुन्शी. जंगलाच्या कडेला जी गावं आहेत, त्यांतल्या एकाही माणसाने आतला हत्ती पाहिलेला नाही. त्यांना ठाऊक असलेला हत्ती म्हणजे अंधारात मका तुडवणारा. दिवसा पाण्यात खेळणारा हत्ती फक्त विलायतेहून आलेल्यांनी पाहायचा." मी त्या वेळी दुबईत अरबाबाच्या लाकडाच्या वखारीत मालाची मोजणी ठेवायचो, म्हणून चाचा मला मुन्शी म्हणत.

तिथल्या वनरक्षकांत सैदी नावाचा त्यांचा जिवलग मित्र होता. दोघांनी जंगलखात्याच्या साहेबाकडून जुनी लॉरी मागून घेतली आणि दर रविवारी गाववाल्यांना, शाळेतल्या मुलांना, म्हाताऱ्यांना जंगल दाखवायला सुरुवात केली. लॉरी पाण्याजवळ आली की चाचा म्हणत, "आधी इंजिन बंद. मग डोळे चालू." पहिल्याच फेरीला एक शेतकरी भाला घेऊन चढला होता. त्याचं शेत हत्तींनी नुकतंच तुडवलं होतं. खाली ठेव म्हटलं तर ठेवीना. मग पाण्याकाठी एक हत्तीण चिखलात रुतलेल्या पिल्लाला सोंडेने ओढून काढताना दिसली. बराच वेळ ओढत होती. परतताना तो शेतकरी पहिल्यांदा बोलला, "ते सगळं ठीक. पण माझ्या मक्याचं काय?"

ही हकिगत सांगताना चाचांना फार आनंद होई. "बरोबर विचारलं त्याने! मक्याचं काय, हे विचारायलाच पाहिजे. पण पुढच्या रविवारी तो आईला घेऊन आला. भाला घरी होता." आणि मग त्यांचं नेहमीचं वाक्य येई, "डोळ्यांनी नीट पाहिलेलं जनावर माणूस सहजासहजी मारत नाही."

ती लॉरी झिजली, एक दिवस उभी राहिली ती पुन्हा हललीच नाही. साहेब म्हणाला, परवानगी आहे, रस्ता आहे, गाडी तुम्ही आणा. गाडीसाठी कमवायला चाचा दुबईला आले. सैदी तिकडे थांबला, जंगल आणि कोठार सांभाळत. चोरट्या शिकाऱ्यांकडून जप्त केलेली कातडी, शिंगं, दात ठेवायचं ते कोठार. त्याची किल्ली सैदीकडे असे.

बर दुबईच्या कापडबाजारामागे आमच्या गावची खोली होती. गावातून जो कोणी येई तो आधी तिथे पथारी टाकी. चाचा आमच्याच अरबाबाचा ट्रक चालवू लागले. आफ्रिकेहून गलबतांनी कांदळाचे, म्हणजे खारफुटीचे, वासे येत. दुबईतली घरं तेव्हा त्याच वाशांवर उभी राहत. मी वासे मोजायचे आणि चाचांनी पोहोचवायचे. ट्रक रिकामा असला की चाचांच्या अंगात जुना रविवार शिरे. एका शुक्रवारी सकाळी त्यांनी सगळ्या खोलीला ट्रकमध्ये घातलं आणि खाडीच्या पार टोकाला नेलं, जिथे पाणी पसरून नुसता चिखल होतो. इंजिन बंद केलं. समोर रोहित पक्षी उभे होते, गुलाबी, अगणित, एका पायावर. आम्ही वर्षानुवर्षं त्या खाडीच्या काठावर घाम गाळत होतो आणि हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

हसन शिंपी आमच्यातला वात्रट. तो कुजबुजला, "चाचा, हे खातात का हो?"

"आधी बघ," चाचा म्हणाले. "पोटभर बघितल्यावर भूक उरली तर मला सांग."

हसन खूप वेळ बघत बसला. परत येताना म्हणाला, "भूक लागलीय, पण चाचा, भजी चालतील." त्या दिवसापासून शुक्रवारची सकाळ चाचांची झाली. त्यांच्यामुळे मी त्या वाळवंटात हरणं पाहिली, खोकड पाहिला. माणसं मला ते वाळवंट ओसाड होतं असं सांगतात तेव्हा मी वाद घालत नाही, पण मनात चाचांच्या ट्रकचं इंजिन बंद होतं.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो.

टांगानिकाचं टांझानिया होऊन फार दिवस झाले नव्हते. आफ्रिकेहून वाऱ्याबरोबर गलबतं यायला लागली होती. पहिल्याच गलबतावरच्या एका खलाशाने चाचांना निरोप दिला. जंगलातल्या कोठारातून बिबळ्यांची कातडी नाहीशी झाली होती. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली सैदीकडे होती म्हणून सैदी कोठडीत होता. कोठाराची दुसरी किल्ली एका मोठ्या अधिकाऱ्याकडे होती, पण त्याला कोण विचारणार? लवकरच खटला उभा राहणार होता. चाचांनी निरोप ऐकला, खलाशाला चहा पाजला आणि त्या दिवसापासून खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत ते उभं राहून बघू लागले.

थोड्याच दिवसांत नाखवा इस्माईल यांचं गलबत लागलं. नाखवा म्हणजे आमच्याच गावचे, गलबताचे मालक, गावात ज्यांच्या शब्दाला मान असे असे गृहस्थ. आमच्यातले निम्मे लोक त्यांच्याच गलबतातून, कागदपत्रांशिवाय, दुबईला पोहोचलेले. मीही त्यांतलाच. आणि माझी बहीण जुबेदा, हिची मंगनी नाखव्यांच्या मुलाशी ठरली होती. वडील गेल्यापासून त्या एका गोष्टीने आई रात्री झोपायला लागली होती.

गुरुवारी दुपारी मी आणि चाचा त्यांच्या गलबताच्या तळात वासे मोजायला उतरलो. हमाल नमाजला गेले होते. खाली भट्टीसारखी गरमी, कांदळाच्या सालीचा आंबट वास. चाचांनी नेहमीप्रमाणे आधी काहीच केलं नाही, नुसते उभे राहिले. मग त्यांनी हनुवटीने एका कोपऱ्याकडे खूण केली. वाशांच्या खाली गोणपाटात गुंडाळलेला गठ्ठा होता. आम्ही वरचे वासे सरकवले. गोणपाट सुटलं आणि पिवळ्यावर काळे ठिपके असलेली कातडी बाहेर आली. एकावर एक, घडी घातलेली.

चाचांनी वरची कातडी उचलली, कानामागचा भाग उलटा केला आणि माझा हात धरून बोट तिथे टेकवलं. तापलेल्या सळईने पाडलेली शेजारशेजारची दोन भोकं होती. माझं बोट एका भोकातून आरपार गेलं.

"ही सैदीची खूण," ते म्हणाले. "जप्त केलेल्या प्रत्येक कातडीला तो अशी भोकं पाडतो. कोणी पुन्हा विकू नये म्हणून. या आमच्या कोठारातल्या आहेत. पाहिलंस ना?"

"पाहिलं," मी म्हणालो.

"आता नाखव्याने फक्त एक सांगायचं. तिकडे बंदरावर हा गठ्ठा त्याच्या हातात कोणी दिला, त्याचं नाव. ते नाव कळलं की सैदी सुटला."

मी म्हटलं, "एक कातडी बरोबर घेऊ या का? पुरावा म्हणून?"

"मग चोरीची कातडी माझ्या हातात सापडेल. मला कातडी नको, मुन्शी, नाव हवंय."

दुबईत तेव्हा कातडी विकणं हा गुन्हा नव्हता. कोणत्या ठाण्यावर जाऊन सांगणार? सांगण्यासारखी जागा एकच होती, आमची खोली. आणि खोलीचा एक रिवाज होता. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर गावचे सगळे, नाखव्यापासून हमालापर्यंत, एका मोठ्या थाळ्याभोवती बसून जेवत. थाळा मांडला की वयाने मोठे असलेले हाजीसाहेब विचारत, "कोणाच्या मनात काही आहे का?" ज्याची तक्रार असेल त्याने बिस्मिल्लाच्या, म्हणजे पहिल्या घासाच्या, आधी बोलायचं. आणखी एका गाववाल्याने 'मीही पाहिलंय' म्हटलं की ज्याच्यावर तक्रार असेल त्याला उत्तर द्यावंच लागे. दिलं नाही तर थाळ्यावरची त्याची जागा बंद, आणि ते गावापर्यंत पोहोचे. पण एकदा बिस्मिल्ला झालं की ती तक्रार कायमची मिटली असं धरत. अन्नावर बसून भांडायचं नाही, आणि जेवून उठल्यावर तेच उकरायचं नाही.

"उद्या एवढंच म्हण, मीही पाहिलंय," चाचा म्हणाले. "बाकी मी बोलेन."

मी हो म्हणालो. खरंच म्हणालो. त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं.

चाचा सरळ माणूस. पाठीमागून तक्रार नको म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी नाखव्यांना गाठून एकट्याने विचारलं. नाखवा म्हणाले, "कसली कातडी? पोले चाचा, ऊन लागलं तुम्हाला." चाचा परत आले, माझ्याकडे बघून मान हलवली आणि पथारीवर पडले. त्यांना झोप लागली. मला लागली नाही.

शुक्रवारी मशिदीत वुजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, नळावर मी पाय धूत होतो. शेजारी येऊन बसले ते नाखवा. त्यांनी सावकाश बाह्या वर केल्या.

"तुझ्या अम्माला भेटूनच निघालो होतो मागच्या वेळी," ते म्हणाले. "बरी आहे. जुबेदाच्या कपड्यांची तयारी चाललीय. ईदनंतरची तारीख बरी, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, इन्शाल्ला, तुमचा मुलगा काय म्हणतो बघू."

मी दुसरा पाय नळाखाली धरला. पाणी वाहत होतं.

"आज जेवणाआधी काही कुरबूर आहे म्हणे. माझ्यासारख्याला थाळ्यावर उभं करणार आहेत. करोत. पण बाबा, ज्या घरात मला उभं केलं त्या घरात मी सून मागायला कसा जाऊ?" त्यांनी नळ बंद केला. "तू हुशार आहेस. तुला समजतं."

खुत्ब्यातला, म्हणजे इमामाच्या प्रवचनातला, एक शब्द मला आठवत नाही. खोलीवर आलो तेव्हा थाळा मांडलेला होता. भाताचा ढीग, वर मटण, कडेने लिंबाच्या फोडी. वाफ येत होती. आम्ही दाटीवाटीने बसलो. चाचा माझ्या समोर. नाखवा हाजीसाहेबांच्या उजवीकडे, मानाच्या जागी. हाजीसाहेबांनी विचारलं, "कोणाच्या मनात काही आहे का?"

चाचा बोलले. नेहमीच्याच आवाजात. मागच्या रांगेतले 'काय, काय' म्हणू लागले, तरी त्यांनी आवाज चढवला नाही. कोठार, सैदी, किल्ली, गठ्ठा, कानामागची भोकं, सगळं नीट सांगितलं. नाखव्यांकडे एकदाही बोट केलं नाही, हनुवटीही वळवली नाही. शेवटी म्हणाले, "नाखवा माझा भाऊ आहे. मला त्याला बदनाम करायचं नाही. त्याने नाव सांगावं. तिकडे माझा माणूस कोठडीत आहे."

खोलीत कोणी हलेना. लोकांना पटत होतं. हसन शिंप्याचा चेहरासुद्धा गंभीर झाला होता. नाखव्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला होता. आज मी खात्रीने सांगतो, ते नाव त्यांच्या ओठांपर्यंत आलेलं होतं.

हाजीसाहेब म्हणाले, "दुसऱ्या कोणी पाहिलंय?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं, कारण वासे मोजणारा मी होतो. 'पाहिलं' म्हणायचं धैर्य माझ्यात नव्हतं आणि 'नाही पाहिलं' म्हणायचीही हिंमत नव्हती. मी तोंड उघडलं आणि त्यातून हे बाहेर पडलं:

"हाजीसाहेब, नुसती कातडी काय घेऊन बसलात! मी तर वाशांखाली अख्खा हत्ती बसलेला पाहिला. बिचारा मोंबासापासून उपाशी आहे. त्याला आधी जेवायला बोलवा. फक्त थाळा दुसरा मांडावा लागेल!"

आधी हसन खदखदून फुटला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सगळ्या खोलीने एकदम सोडला. "सोंडेला लिंबू लावा रे!" कोणी ओरडलं. "नाखवा, हत्तीचं भाडं घेतलंत की नाही?" नाखवा डोळे पुसत हसत होते. हाजीसाहेबसुद्धा दाढीत हसले. मी टाळ्या घेत होतो. पाठीवर थापा पडत होत्या.

चाचा थांबले. नेहमी थांबत तसेच. हसू ओसरलं की पुन्हा तेच वाक्य बोलतील असं मला वाटलं. ते सगळ्या खोलीकडे बघत होते, पाण्याकाठी लॉरी उभी करून बघावं तसे. मग हळूच म्हणाले, "बिस्मिल्ला करा. भात निवतोय."

आपली तक्रार त्यांनी स्वतःच्या तोंडाने मिटवली. आणि जेवले. माझ्या समोर बसून, माझ्याच थाळ्यातून.

दुसऱ्या दिवशी मी तळात गेलो तेव्हा गठ्ठा नव्हता. चाचांनी अरबाबाचा हिशेब मिटवला, ट्रकची चावी माझ्याकडे दिली आणि मिळेल त्या गलबताने आफ्रिकेला जायचं ठरवलं. वारा उलटा होता. त्या दिवसांत तिकडे कोणी जात नसे. शेवटी एक इंजिनचं गलबत मिळालं. खटल्यात आपण एकट्याने जाऊन सांगू, असं ते म्हणाले. खोलीतल्या लोकांनी त्यांना निरोप देताना हत्तीला सलाम सांगितला. ते हसले.

धक्क्यावर मी एकटा गेलो. चाचांनीच सुरुवात केली.

"जुबेदाच्या लग्नाला माझी दुवा सांग."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "चाचा, माझा नाइलाज झाला."

"ते समजलं मला. बहीण आहे." ते इतक्या हळू बोलत होते की मला अगदी तोंडाजवळ कान न्यावा लागला. "पण तू हसवलंस कशाला, मुन्शी? पाहिलं नाही म्हणाला असतास तर कोणीतरी पुन्हा विचारलं असतं. आज नाही तर उद्या. माणसं हसली की मग कोणी विचारत नाही."

गलबत निघालं. ते डेकवर उभे राहून माझ्याकडे नाही, खाडीच्या टोकाकडे बघत होते.

जुबेदाचं लग्न ईदनंतर झालं. मी गेलो, वाढलं, नाचलो. तिथेही कोणीतरी म्हणालं, "मुन्शी, ती हत्तीची सांग." मी सांगितली. पुढच्या लग्नात पुन्हा सांगितली. दर वेळी तिच्यात भर पडत गेली. हत्तीला पासपोर्ट आला, हत्ती समुद्र लागून ओकला, पोले चाचा त्याच्या कानात 'पोले पोले' म्हणाले. गोष्टीतले चाचा दर वर्षी अधिक खुळे होत गेले आणि मी अधिक हजरजबाबी. संयुक्त अमिराती झाली, आम्ही वखारीतून स्वतःच्या धंद्यात आलो, गोष्ट चालूच राहिली.

तिकडे काय झालं ते मला पुष्कळ उशिरा एका खलाशाकडून कळलं. एकट्या परक्या ड्रायव्हरच्या सांगण्यावर कोर्टाने विश्वास ठेवला नाही. दुबईत बसलेल्या तुझ्या गाववाल्यांपैकी आणखी कोणी पाहिलं का, असं विचारलं. चाचा नाही म्हणाले. सैदीला शिक्षा झाली. सुटला तेव्हा नोकरी गेलेली, जंगलात पाऊल टाकायला बंदी. आणि चाचांच्या गाडीचे पैसे सैदीच्या बायकामुलांवर कधीच संपले होते. मग ते दोघे म्हातारे रविवारी गाववाल्यांना घेऊन जंगलाच्या हद्दीबाहेरच्या एका टेकडीवर चालत जात. तिथून दूरवर पाणी दिसे. हत्ती मुंगीएवढे दिसत. पण लोक जात, असं खलाशी म्हणाला. चाचा तिथेच वारले. तापाने.

हे कळल्यावरही मी ती गोष्ट सांगायची थांबवली नाही. थांबवली असती तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं.

गेल्या ईदला अबू धाबीच्या खलिफा सिटीत माझ्या मुलाच्या घरी सगळे जमलो होतो. डायनिंग टेबल आहे, पण ईदला मी थाळाच मांडायला लावतो. जुबेदा व्हिजिट व्हिसावर आलेली. नवरा गेला, सासरे इस्माईल नाखवा तर केव्हाच गेले. ती माझ्या शेजारी बसली होती. माझी नात सना, युनिव्हर्सिटीत शिकते, ती म्हणाली, "दादाजान, डू द एलिफंट वन! माझ्या फ्रेंडने कधी ऐकली नाहीये."

सगळे आधीच हसायला लागले. मी नेहमीसारखी सुरुवात केली. "तर पोले चाचा म्हणाले, वाशांखाली कातडी आहे." आणि समोर कोणीतरी बिस्मिल्लाची वाट न बघता बिर्याणीतलं हाड काढायला बोट खुपसलं. ते बोट बघून मी गोष्ट तिथेच सोडली.

"होती," मी म्हणालो.

"काय होती, अब्बा?" मुलाने विचारलं.

"कातडी. मी पाहिली होती. माझं बोट तिच्या भोकातून गेलं होतं."

"हे नवीन व्हर्जन आहे का?" तो हसला. कोणी साथ दिली नाही. मी सगळं सांगितलं, नळावरच्या बोलण्यासकट. आवाज चढवता येईना. मागे बसलेले पुढे सरकले.

जुबेदा थाळ्याकडे बघत म्हणाली, "आमच्या घरात ही गोष्ट काढायची नाही असा नियम होता. कोणी पाहुण्याने काढली की मामंजी भरल्या थाळ्यावरून हात धुऊन उठायचे. मला वाटायचं, तू त्यांची थट्टा केलीस म्हणून त्यांना राग आहे. तुझ्यावतीने इतकी वर्षं मीच खाली मान घालत होते."

"तुझ्या लग्नासाठी, बाय..."

"मला विचारलंस?" तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "एक निरोप धाडायचास. लग्न मोडलं असतं, मी काही मेले नसते. माझ्या नावावर एक माणूस तुरुंगात गेला आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही, भाय."

सनाची मैत्रीण थाळ्याच्या पलीकडून वाकून विचारत होती, "पण तो रेंजर? सैदी? व्हॉट हॅपन्ड टू हिम?"

इतक्या वर्षांत, इतक्या लग्नांत, हे कोणीच विचारलं नव्हतं. कोण विचारणार? माझ्या गोष्टीत सैदी कधी नव्हताच. हत्ती होता, चाचा होते, मी होतो. त्याची जागा मी हत्तीला देऊन टाकली होती.

मी त्या मुलीला सांगू लागलो. टेकडीपर्यंत आलो तेव्हा मुलाने हळूच आठवण केली, "अब्बा, भात निवतोय."

खरंच निवत होता. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण आमच्याकडे बिस्मिल्ला घरातल्या मोठ्याने म्हणायचं असतं.

मी ते म्हटलं नाही. जुबेदाकडे वळून विचारलं, "तुझ्या मनात आणखी काही आहे का?"